एकोणीस वर्षांची चाळीस पानं

कॉलेजातली पोरं झुलाल सरांना पाठीमागे 'देवमासा' म्हणायची. सर अंगानं वाळक्या शेंगेसारखे, त्यामुळे हे नाव नव्यानं ऐकणारा हसायचाच. नाव पडलं ते त्यांच्या लाडक्या लेखकामुळे. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा तो अमेरिकन लेखक, कवीसुद्धा. त्यानं एका देवमाशावर विटेएवढी जाड कादंबरी लिहिली होती आणि ती शिकवायला लागले की सरांना घंटा झालेली कळायची नाही. "फैजपूरहून केळीचा भरलेला ट्रक निघतो ना, तसे तीन ट्रक एकापुढे एक उभे करा, एवढा तो मासा," असं हात पसरून सांगायचे. समुद्र त्यांनी स्वतः कधी पाहिला नव्हता. तापीला आलेला पूर पाहिला होता, त्यावर भागवून न्यायचे.

सर मूळचे धरणगावचे. वडील कापसाच्या जिनमध्ये कामाला होते, संध्याकाळी घरी आले की भुवयांपर्यंत पांढरे झालेले असायचे. मुलगा एम.ए.साठी धुळ्याला गेला आणि तिथे रद्दीच्या दुकानात त्याला ती कादंबरी सापडली, बिनकव्हरची, शेवटची चार पानं नसलेली. शेवट काय झाला हे कळायला त्याला आठ महिने लागले, कारण कॉलेजच्या लायब्ररीतली प्रत एका प्राध्यापकाच्या घरी होती आणि प्राध्यापकांना ती परत करायची आठवण होत नव्हती. पुढे त्याच लेखकावर पीएच.डी. करायची ठरली तेव्हा आई भागाबाईनं कपाळाला हात लावला. "माळकरी बापना पोऱ्या तू, आनि मासावर पुस्तक लिखस!"

आता नोकरीचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. सन दोन हजारपासून झुलाल सर तापीपलीकडच्या एका कॉलेजात सीएचबीवर शिकवत होते. सीएचबी म्हणजे घड्याळी तास. जेवढे तास घेतले तेवढेच तुमचे, मार्चमध्ये ऑर्डर संपली की तुम्ही कुणाचेच नाही. जुलैत पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. ज्या प्राचार्यांनी मागच्या आठवड्यात "झुलाल, पेपर तपासून दे रे" म्हणून हाक मारलेली असायची, तेच समोर बसून विचारायचे, "आपलं नाव? शिक्षण?" सर उभे राहून नाव सांगायचे. हे चोवीस वर्षं. स्टाफरूममध्ये त्यांना खुर्ची नव्हती. नाही म्हणायला एकदा एक खुर्ची दोन महिने मोकळी होती, पण तिच्यावर बसायचं धाडस त्यांना झालं नाही. ते लायब्ररीत बसायचे आणि चांगलंच झालं म्हणायचं, कारण वाचन तरी झालं.

या सगळ्यातून वर यायला एकच दोर होता, पीएच.डी. ती झाली तर कायमच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता. पण खरं सांगायचं तर झुलाल सरांना डिग्रीपेक्षा त्या डिग्रीतली चाळीस पानं हवी होती. ती पानं, आणि वर स्वतःचं नाव.

ती पानं कोणती, तर त्या लेखकाच्या आयुष्याची. तरुणपणी तो माणूस देवमासे मारणाऱ्या जहाजावर खलाशी होता, जहाज सोडून पळाला, बेटांवर राहिला, परत येऊन त्याच्या गोष्टी लिहिल्या आणि एका रात्रीत गाजला. मग त्यानं ती मोठी कादंबरी लिहिली आणि लोकांनी तोंड फिरवलं. पुढे एकोणीस वर्षं तो न्यूयॉर्कच्या बंदरात जकातीचा निरीक्षक म्हणून गोण्या आणि पेट्या तपासत होता. घरी येऊन कविता लिहायचा. शेवटच्या कवितांच्या तर पंचवीसच प्रती छापल्या, त्याही घरच्यांना वाटायला. मेला तेव्हा लोकांना आश्चर्य वाटलं ते तो इतकी वर्षं जिवंत होता याचं. जगाला तो दिसला तीसेक वर्षांनी.

जो उठतो तो त्या जहाजांवर लिहितो, कादंबरीवर लिहितो. बंदरातल्या एकोणीस वर्षांना एखादं वाक्य मिळतं, 'दरम्यान त्याने जकात खात्यात नोकरी केली.' झुलाल सरांना या वाक्याचा भयंकर राग होता. दरम्यान काय? एकोणीस वर्षं काय दरम्यान असतात? रोज सकाळी कोट घालून जायचं, जिथे आपण कोण हे एकालाही माहीत नाही तिथे दिवसभर उभं राहायचं, आणि तरी घरी येऊन ओळ लिहायची, हे त्या माशामागे धावण्यापेक्षा सोपं होतं का? तीन उन्हाळ्याच्या सुट्ट्या खर्चून सरांनी त्या वर्षांवर चाळीस पानं लिहिली. कुठून कुठून कागद मागवले, त्या काळच्या बंदराचे नकाशे पाहिले, त्याच्या बायकोची पत्रं वाचली. इंग्रजी असं उतरलं की लिहिल्यावर त्यांनाच वाटलं, हे आपण लिहिलं? धुळ्यात त्यांची पानं टाइप करणारा चांदभाई होता, डीटीपीवाला. त्याला इंग्रजी जेमतेम यायचं, पण एक पान टाइप करून थांबला आणि म्हणाला, "सर, हा माणूस कामावरून घरी येतो ना, तिथे मला माझे अब्बा दिसले." सरांना आयुष्यात मिळालेला हा सगळ्यात मोठा अभिप्राय.

हे २०१३ सालचं. त्यांचे गाईड डॉ. मोतीलाल बोरसे धुळ्याला होते. माणूस तोंडानं गोड. झुलालच्या चॅप्टरांवर सही करायला त्यांना वेळ नसायचा, पण शेतातल्या बोअरचं काम, मुलाच्या लग्नाच्या पत्रिका, पाहुण्यांचं रेल्वे रिझर्व्हेशन यांसाठी झुलालची आठवण हमखास व्हायची. पुढच्या वर्षी एकदा त्यांनी बोलावून घेतलं, शेजारी बसवलं, चहा दिला. बाजूला त्यांची पुतणी दिपमाला बसली होती. तीही त्यांच्याकडेच पीएच.डी. करत होती, लेखक तोच, झुलालकडे कादंबऱ्या आणि तिच्याकडे कविता.

"झुलाल, हिची मुदत संपतेय," मोतीलाल सर म्हणाले. "जळगावला जागा निघालीय, हिला महिन्यात सबमिट करायचंय. तुझं ते दुसरं चॅप्टर दे हिला. जीवन आणि कार्य. लेखक तर एकच आहे."

इथे आपल्याकडची रीत समजून घ्या. इंग्रजीच्या थिसिसचं दुसरं चॅप्टर म्हणजे लेखकाचं चरित्र, आणि त्याला कुत्रं विचारत नाही. एका गाईडच्या हाताखालच्या चौघांचा लेखक एक असला तर चौघांना एकच दुसरं चॅप्टर वाटलं जायचं, लग्नातल्या टोप्यांसारखं. परीक्षक ती पानं न वाचता तिसऱ्यावर जायचे. त्यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं, झुलाल सरांनाही नाही. स्वतःची पानं इतरांच्या दुसऱ्या चॅप्टरसारखी नाहीत हे त्यांना माहीत होतं, पण ते तोंडानं बोलायचं म्हणजे स्वतःचा मोठेपणा सांगायचा. आणि समोर गाईड. सही त्याच्या हातात. दिपमाला खाली मान घालून म्हणाली, "सर, तुम्हाला अडचण असेल तर राहू द्या." खरोखर संकोचून म्हणाली. तेवढ्यानंच झुलाल सर विरघळले आणि चांदभाईकडून पेनड्राइव्ह आणून दिला. चुकले. जन्माचे चुकले.

दिपमाला त्याच वर्षी डॉक्टर झाली, जळगावला कायम झाली. तिनं पेढे पाठवले. प्रबंधाच्या सुरुवातीला आभाराची दोन पानं होती, त्यात काकांचे होते, सासूचे होते, ग्रंथपालाचे होते.

इकडे झुलालची मुदत संपली. पुन्हा नोंदणी, पुन्हा सिनॉप्सिस. मोतीलाल सर म्हणाले होते, "दुसरं चॅप्टर तू परत लिहून काढशील, तुझ्या डोक्यातच आहे ते." सर बसलेही लिहायला. पण ती पानं दुसऱ्यांदा लिहिता येईनात. एकदा मनापासून बोललेलं पुन्हा वेगळ्या शब्दांत कसं बोलायचं? प्रत्येक वाक्य फिरून तिथेच यायचं. शेवटी त्यांनी ठरवलं, माझी पानं आहेत, मी माझ्या थिसिसला लावणार. २०२२ साली, पहिल्या नोंदणीनंतर तब्बल तेरा वर्षांनी, थिसिस विद्यापीठात गेला.

मधल्या काळात कॉम्प्युटर आला होता. म्हणजे तो होताच, पण आता तो थिसिस वाचायला लागला होता. कुणाचं लिखाण कुणाशी जुळतं हे शोधणारं सॉफ्टवेअर. माणसांनी जे चॅप्टर कधी उघडून पाहिलं नाही, ते यंत्रानं शब्दन् शब्द वाचलं. रिपोर्टमध्ये चाळीसच्या चाळीस पानं लाल. शेजारी मूळ स्रोत म्हणून डॉ. दिपमाला यांचा आठ वर्षांपूर्वीचा प्रबंध. शेरा होता, 'सदर मजकूर उमेदवाराने स्वतःच्या शब्दांत लिहून सहा महिन्यांत पुन्हा सादर करावा.'

स्वतःच्या शब्दांत! झुलाल सर तो कागद हातात घेऊन धुळ्याच्या स्टँडवर बसून राहिले. धरणगावची गाडी लागली, सुटली. दुसरी लागली, तीही सुटली.

घरी बायकोनं, सुलक्षणानं, कागद उलटासुलटा पाहिला. तिचं शिक्षण आठवीपर्यंत, पण ती तीन उन्हाळे तिनं पाहिले होते. खोलीत पंखा लावला तर कागद उडतात म्हणून घामाघूम होऊन लिहिणारा नवरा पाहिला होता. "आवो, बठ्ठं तुम्हीच लिखेल शे ना?" ती म्हणाली. "मंग तुम्हले चोर कसाले म्हनतस?"

"चोर नाही म्हटलेलं. पुन्हा लिहा म्हणतात."

"तेच ते. जाईसन सांगा ना त्यासले, हाई मन्हं शे!"

चांदभाईचंही तेच म्हणणं. त्यानं जुना कॉम्प्युटर उघडून फाइल काढली. तारखेसकट होती, दिपमालाच्या प्रबंधाच्या वर्षभर आधीची. "सर, मी येतो विद्यापीठात. मी टाइप केलंय, मी सांगतो. अल्ला कसम, कुणाच्या बापाला भीत नाही." पुरावा होता, साक्षीदार होता. भांडायला एवढं पुष्कळ झालं असतं, भांडणारा दुसरा कुणी असता तर.

तरी सर गेले. विद्यापीठात जाण्याआधी गाईडला सांगावं म्हणून मोतीलाल सरांच्या बंगल्यावर गेले, आणि तिथेच सगळं संपलं. मोतीलाल सर मुळीच चिडले नाहीत. शांतपणे समजावत गेले.

"झुलाल, तू खरं सांगशील. मग काय होईल? पोरीची डिग्री जाईल, नोकरी जाईल, तिला दोन लेकरं आहेत. ठीक, जाऊ दे. पण तू लिहून दिलंस हेही त्यात आलंच ना? दुसऱ्याला थिसिस लिहून देणाऱ्याला कोण डिग्री देतं? माझी गाईडशिप जाईल, मग तुझ्या थिसिसवर सही कुणाची? पन्नाशीचा झालास तू. नवा गाईड शोधणार, नवी नोंदणी करणार?" मग हलक्या आवाजात, "अरे, एका चॅप्टरचा तर प्रश्न आहे. इंटरनेटवरनं आठ पानं घे, शब्द इकडेतिकडे कर, लाव. कोण वाचतंय?"

आणि पुढे एक कागद सरकवला. टाइप करून तयार होता. 'माझ्या प्रबंधातील दुसऱ्या प्रकरणाचा मजकूर डॉ. दिपमाला यांच्या प्रबंधातून अनवधानाने घेतला गेला. याबद्दल मी दिलगीर आहे.' खाली रेघ, रेघेखाली झुलाल सरांचं नाव.

त्यांनी सही केली. का केली म्हणून सुलक्षणा चार दिवस बोलली नाही. का केली हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. भीती होतीच. पण भीतीहून वाईट असं काहीतरी होतं. समोरचा आपल्याला इतक्या वर्षांनी पुन्हा शेजारी बसवून, आपल्या भल्याचं बोलतोय, या गोष्टीनं त्यांना बरं वाटलं होतं. बावीस वर्षं नाव-शिक्षण सांगत उभ्या राहिलेल्या माणसाला कशानं बरं वाटेल याचा नेम नसतो. चांदभाईला कळलं तेव्हा तो म्हणाला, "फाइल डिलीट करू का मग?" सर दुकानाची पायरी उतरून चालू लागले. त्यानं ती राहू दिली की काढली, हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

चाळीस पानं निघाली, आठ लागली. जन्मतारीख, आईवडील, जहाजं, पुस्तकांची यादी, मृत्यू. एकोणीस वर्षांना एक ओळ. ती टाइप करताना चांदभाईनं एकदा वळून पाहिलं आणि पुढे टाइप करत राहिला. रिपोर्ट हिरवागार आला. २०२३च्या डिसेंबरात झुलाल सर डॉक्टर झाले. कॉलेजानं शाल दिली, पोरांनी व्हॉट्सअॅपवर देवमाशाचं चित्र टाकून 'डॉ. देवमासा' लिहिलं. भागाबाई नव्वदीच्या घरात, तिनं विचारलं, "आते खुर्ची दीतीन ना तुले?"

देणार होते, असं वाटत होतं. पुढच्याच वर्षी कॉलेजात इंग्रजीची एक जागा भरायला परवानगी आली. जाहिरात निघाली. सरांनी अर्ज केला. नऊ उमेदवार होते, त्यातले दोघे त्यांचेच विद्यार्थी. २०२४च्या जुलैत मुलाखत ठरली. त्याच खोलीत, त्याच टेबलासमोर, फक्त या वेळी वर्षभराची भीक नव्हती, कायमचं होतं. सुलक्षणानं इस्त्रीचा शर्ट दिला, दारापर्यंत आली.

आत संस्थेचे अध्यक्ष होते, प्राचार्य होते, आणि विषयतज्ज्ञ म्हणून बाहेरून आलेल्या डॉ. दिपमाला होत्या.

दहा वर्षांत ती भरली होती, चष्मा लागला होता, आवाजात कायम नोकरीचा निवांतपणा आला होता. सरांना पाहून ती ओळखीचं हसली. त्या हसण्यात लाज नव्हती, भीती नव्हती. सर शोधत राहिले, पण नव्हती. तिच्यासमोर त्यांचा थिसिस उघडा होता.

"आपलं नाव? शिक्षण?" प्राचार्यांनी विचारलं. सरांनी सांगितलं.

मग दिपमालानं विचारलं. "सर, या लेखकाची बंदरातली नोकरीची वर्षं आहेत ना, त्यांचा त्याच्या कवितेशी काय संबंध लावाल?"

दुसरा काहीही प्रश्न असता तर सर दोन मिनिटांत उत्तर देऊन मोकळे झाले असते. पण नेमका हा. क्षणभर त्यांना वाटलं, ही आपल्याला संधी देतेय. हिला सगळं आठवतंय आणि ही असं फेडतेय. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. आणि ते बोलायला लागले. रोजचा तो कोट, थंडीत पेट्यांवर मारायचे खडूचे शिक्के, वरिष्ठांचं त्याच्याकडे न बघणं, संध्याकाळचा परतीचा रस्ता, आणि ज्या ओळी कुणी वाचणार नाही हे पक्कं माहीत असताना त्या खोडून पुन्हा नीट लिहिणं. चाळीस पानं त्यांच्या तोंडातून जशीच्या तशी येत होती, अकरा वर्षांनी, एकही वाक्य न अडखळता. अध्यक्षांना इंग्रजी फारसं समजत नव्हतं, पण टेकून बसलेले तेही पुढे झाले. प्राचार्यांनी पेन खाली ठेवलं. चोवीस वर्षांत या खोलीत झुलाल सरांना पहिल्यांदा कुणीतरी ऐकत होतं.

दिपमालाही मन लावून ऐकत होती. मधेमधे मान हलवत होती. एका ठिकाणी तर पुढचं वाक्य तिनंच ओठांत पुरं केलं.

सर थांबले. तिनं चष्मा काढला, त्यांच्या थिसिसची पानं उलटली, दुसऱ्या चॅप्टरवर बोट ठेवलं.

"फार छान, सर. पण तुमच्या प्रबंधात या वर्षांना एकच ओळ आहे." ती हसली, अगदी आपुलकीनं. "हे सगळं माझ्या थिसिसमधलं आहे ना?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं. ती खोटं बोलत नव्हती. दहा वर्षं व्याख्यानांत, सेमिनारमध्ये, वर्गात ती पानं सांगून सांगून तिला ती खरोखर स्वतःची वाटायला लागली होती. पेनड्राइव्ह, तो चहा, ती खाली घातलेली मान, यातलं काही तिच्यात शिल्लक नव्हतं. ती खोटं बोलत असती तर सरांना राग तरी आला असता. आणि विद्यापीठाकडून कॉलेजात आलेला, फाइलला लावलेला त्यांच्या सहीचा दिलगिरीचा कागद अध्यक्षांच्या पुढ्यातच होता.

"सांगा ना," अध्यक्ष म्हणाले. "मॅडमचंच आहे का हे?"

"हो," झुलाल सर म्हणाले. "मॅडमच्याच थिसिसमधलं आहे."

"सरांनी माझं काम फार बारकाईनं वाचलंय," दिपमाला अध्यक्षांकडे वळून म्हणाली, आणि अगदी मनापासून म्हणाली. मग समोरच्या तक्त्यात 'स्वतःचे संशोधन' या रकान्यात तिनं काहीतरी छोटासा आकडा लिहिला.

"थँक्यू मॅडम," सर म्हणाले, आणि पुढच्या उमेदवाराला खुर्ची मोकळी करून दिली.